मातेऱ्याचा हिशेब

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारणी झाली. बिबवेवाडीतील त्या सोसायटीच्या सभागृहात सकाळी तपस्व्यांना मुगाचे पाणी आणि राब देण्यात आली. दुपारी संघाचे स्वामीवात्सल्य झाले. पाचशेच्या वर माणसे जेवून गेली. वाढणाऱ्यांचा आग्रह, घेणाऱ्यांचा संकोच, लहान मुलांच्या ताटांत न मागता पडलेली दुसरी मिठाई, हे सारे दरवर्षीप्रमाणेच घडले. चार वाजता सभागृहाच्या मागच्या दाराशी उरल्यासुरल्याची आणि उष्ट्याची दोन निळी पिंपे काठोकाठ भरून उभी होती.

माजीसा तेथेच खुर्चीवर बसल्या होत्या. वय वर्षे ८४. आपले ताट त्यांनी नेहमीप्रमाणे धुऊन ते पाणी पिऊन टाकले होते. उष्ट्या अन्नात दोन घडींत, म्हणजे ४८ मिनिटांत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, हे त्यांना लहानपणी आईने शिकवले होते आणि ते त्यांनी कधी कोणाशी वाद घालून तपासून पाहिले नव्हते. पिंपांकडे पाहत त्या मुलाला म्हणाल्या, "आठ दिवस आपण पाणीसुद्धा उकळून, गाळून प्यायलो. आणि नवव्या दिवशी हे काय करून ठेवले रे?"

मुलगा, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष भाऊसा, काही बोलले नाहीत. मार्केट यार्डात त्यांची भुसार मालाची पेढी. ज्या वस्तूचे वजन माहीत नाही तिच्याविषयी बोलू नये, ही पेढीवरची सवय. त्यांनी दुकानातला काटा मागवून दोन्ही पिंपे तोलली. १३८ किलो भरले. संध्याकाळी गाडी आली आणि माल उचलून गेली.

तो कोठे जातो, हे भाऊसांना ठाऊक होते. सासवड रस्त्याने जाताना गाडीच्या काचा वर कराव्या लागत, ते दिवस त्यांना आठवत होते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत आला. विहिरींचे पाणी नासल्याची तक्रार करीत तेथील ग्रामस्थांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरातल्या माणसाचे पान उचलले जाते तेव्हा ते नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या शेताशेजारी जाऊन पडते. त्या दिवशीचे १३८ किलो आपल्या दारातून गेले, ही गोष्ट त्यांच्या मनातून हलेना.

पंधरवड्यात एक यंत्रविक्रेता सोसायटीत येऊन गेला. त्याच्याजवळ रंगीत माहितीपत्रक होते. ओला कचरा बंद टाकीत कुजवायचा, निघालेला वायू चुलीसाठी वापरायचा. रोज ५०० किलो क्षमतेचा संयंत्र बसवा, शेजारच्या संघाच्या आयंबिल खात्याला आणि भोजनशाळेला गॅस विकत घ्यावा लागणार नाही, सहा वर्षांत पैसे वसूल, असा त्याचा हिशेब. सोसायटीत ९६ घरे. ओला कचरा दिवसाला शंभर किलोच्या आसपास. उरलेले चारशे किलो कोठून आणायचे? विक्रेत्याने त्याचीही सोय सांगितली. रस्त्यावरची मंगल कार्यालये आणि शाकाहारी हॉटेले आपले उरलेले अन्न आनंदाने देतील, वर नेण्याचे पैसेही देतील.

भाऊसांना हे पटले. टाकाऊतून कमाई ही कल्पना व्यापाऱ्याला गोडच वाटते. शिवाय त्यात माजीसांच्या प्रश्नाचे उत्तरही दिसत होते. पिंपे पुढच्या वर्षीही भरतील, पण ती वाया जाणार नाहीत.

घरात या विषयाची जाण खरी होती ती नातसुनेला. ती इंदूरची. तिच्या माहेरी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे हे आता देवघरातला दिवा लावण्याइतके अंगवळणी पडलेले आहे. तिने सासऱ्यांना सांगितले, "पापाजी, इंदूरला देवगुराडियाला असा मोठा संयंत्र आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि त्यातून सुमारे १७,००० किलो सीएनजी करण्याची त्याची क्षमता. शहराच्या बसगाड्या त्यावर चालतात. पण तो चालतो याचे कारण यंत्रात नाही. घराघरांतल्या डब्यांत आहे. कचरा मिसळलेला आला असता तर तो संयंत्र कधीच बंद पडला असता."

कचऱ्यापासून ऊर्जा म्हटले की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात, हे तिने त्या संध्याकाळी घरच्यांना समजावून दिले. एक मार्ग जाळण्याचा, दुसरा कुजवण्याचा. जाळण्याच्या मार्गाचा आपल्याकडचा अनुभव दिल्लीच्या तिमारपूरने घेतला. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने तेथे रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. जेमतेम २१ दिवस चाचणी चालली आणि तो बंद पडला, कारण दिल्लीचा कचरा पेटायलाच तयार नव्हता.

का, ते भाऊसांनी स्वतः कागदावर मांडून पाहिले. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला. साली, देठ, उरलेले अन्न यांत पाणीच पाणी. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. कचऱ्यात निम्मे पाणी धरले, तर प्रत्येक किलोमागे ३०० किलोकॅलरी नुसते पाणी उडवण्यात गेली. कचरा स्वतःच्या बळावर नीट जळावा यासाठी त्यात किलोमागे साधारण १,५०० किलोकॅलरी हवी; म्हणूनच २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणाऱ्या आणि १,५०० किंवा अधिक किलोकॅलरी असणाऱ्या कचऱ्याचाच ऊर्जेसाठी विचार केला. तिमारपूरला प्रत्यक्षात त्याच्या निम्माही कस नव्हता. म्हणजे ओले सरपण विकत घेऊन ते वाळवायला दुसरे सरपण जाळावे, असा तो व्यवहार झाला.

मग कस येतो कशात? कागद, पुठ्ठा, प्लास्टिक यांत. पण ही तर विकली जाणारी वस्तू. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सोसायटीत रोज सकाळी येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंचे घर या पुठ्ठ्यावर आणि बाटल्यांवर चालते. भट्टीला चांगले जळण हवे असेल तर ते ताईंच्या पोत्यातून काढून घ्यावे लागेल. पुठ्ठा जाळून जेवढी ऊर्जा मिळते त्याहून अधिक ऊर्जा तोच पुठ्ठा पुन्हा वापरल्याने वाचते, हे नातसुनेने सांगितले तेव्हा भाऊसांनी जाळण्याच्या मार्गावर काट मारली.

"पण परदेशात चालतेच ना?" नातवाने विचारले.

चालते, कारण तेथे कचरा कोरडा आणि हवा थंड. जाळलेल्या कचऱ्यातील उष्णतेचा थोडाच भाग विजेत उतरतो. उरलेली उष्णता तेथे नळांवाटे घराघरांत जाते, लोक तिचे पैसे देतात. पुण्यात त्या उष्णतेला गिऱ्हाईक कोण?

कुजवण्याचा मार्ग मात्र आपल्या मातीतला. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार करण्यात आला होता. देहूला डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या गॅस संयंत्रांसाठी आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्याच्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने शेण सोडून पिठूळ आणि गोड खरकटे वापरून घरगुती संयंत्र बनवले आणि २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे गाईने एकदा पचवून सार काढून घेतलेला चोथा; अन्नात ते सार शाबूत असते, म्हणून थोड्या अन्नातून वायू लवकर आणि पुष्कळ निघतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात तर दोन टाक्या असतात. पहिल्या टाकीत हवा आणि सूर्यतापाने गरम केलेले पाणी देऊन अन्न मऊ करतात, दुसऱ्या बंद टाकीत वायू निघतो.

सारे ऐकून झाल्यावर माजीसांनी विचारले, "बिनणी, त्या बंद टाकीत अन्न कोण खाते?"

"जीवाणू, माजीसा."

"किती?"

नातसून थांबली. खोटे बोलणे शक्य नव्हते. "मोजता येणार नाहीत इतके."

"म्हणजे उष्ट्यात जीव पडू नयेत म्हणून मी ताट धुऊन पिते, आणि तुम्ही जीव वाढवायचे कोठार बांधणार. आणि त्यांनी सोडलेला वायू जाळून तेउकायाची विराधना वेगळीच."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि घरात कोणी नेलाही नाही. नातसून हलक्या आवाजात म्हणाली, "माजीसा, पिंपातले अन्न उरुळीला गेले तरी जीव पडणारच. तेथे माशा, उंदीर, कुत्रीही येतात. ढिगाच्या पोटात हाच वायू तयार होतो आणि उघड्यावर सुटतो; हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक जोरकस आहे. कधी ढीग पेट घेतो, मग दिवसेंदिवस धुमसतो. जीवहिंसा टळत नाही, आपल्या डोळ्यांआड होते इतकेच."

"ते खरे," माजीसा म्हणाल्या. "कमी दोषाचे असेल. पण कमी दोषाला पुण्य म्हणू नका."

चातुर्मास अजून संपला नव्हता. भाऊसा उपाश्रयात महाराजसाहेबांना वंदन करायला गेले तेव्हा त्यांनी विषय काढला. साधू आरंभ-समारंभाच्या कामाला 'करा' असे म्हणत नाहीत, हे त्यांना माहीत होते. महाराजसाहेबांनीही म्हटले नाही. त्यांनी फक्त पाचव्या समितीची आठवण करून दिली. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे आणि वस्तू उचलणे-ठेवणे यांत जयणा पाळल्यानंतर पाचवी येते ती परिष्ठापनिका समिती, टाकण्यातली जयणा. साधू टाकण्याच्या वेळी जागा पाहतो, जीव पाहतो. पण त्याआधीच्या तिसऱ्या समितीत, भिक्षा घेताना, तो गरजेपुरतेच घेतो, म्हणून टाकण्याजोगे त्याच्यापाशी उरतेच थोडे. एवढे सांगून त्यांनी विचारले, "१३८ किलोंत गरजेचे किती होते आणि प्रमादाचे किती?"

भाऊसांकडे उत्तर नव्हते. गरजेवाचून झालेल्या हिंसेला शास्त्रात अनर्थदंड म्हणतात आणि श्रावकाच्या बारा व्रतांत त्याच्या त्यागाचे एक व्रत आहे, हे ते दर प्रतिक्रमणात ऐकत आले होते. पिंपांकडे त्या दृष्टीने त्यांनी पाहिले नव्हते.

यंत्राचा करार करण्याच्या आदल्या दिवशी विक्रेता घरी आला. माजीसा माळ जपत बसल्या होत्या. त्याचे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी माळ थांबवली आणि विचारले, "भाऊ, तुमच्या यंत्राला रोज पाचशे किलो लागणार. उद्या लोकांनी ताटात टाकणे सोडले, तर यंत्र काय खाणार?"

विक्रेता हसून म्हणाला, "माजी, लोक टाकणे कधी सोडत नाहीत. त्याची काळजी करू नका."

त्याने हे सहज म्हटले, पण भाऊसांना त्या वाक्याने पेढीवरचा एक जुना दिवस आठवला. ते सतरा-अठरा वर्षांचे असतील. भुसाराच्या दुकानात पोती उचलताना, ओतताना धान्य सांडते. संध्याकाळी झाडून गोळा केले की मातीखड्यांसकट जे उरते ते मातेरे. ते गुरांच्या खाद्यासाठी स्वस्तात विकले जाते. एका महिन्यात मातेऱ्याचे पैसे बरेच आले. तरुण भाऊसांनी रोजमेळात ते उत्पन्न म्हणून मोठ्या हौसेने जमा केले. वडिलांनी वही पाहिली आणि ती रक्कम खोडायला लावली. म्हणाले, मातेऱ्याची जमा उत्पन्नात धरायची नाही, घटीच्या खात्यात धरायची. मातेरे वाढले म्हणजे कमाई वाढली नाही, सांड वाढली. त्याच महिन्यात वडिलांनी फाटकी पोती बदलून घेतली.

मातेरे विकू नये असे वडिलांनी कधीच सांगितले नव्हते. जे सांडले ते वाया घालवणे हाही गुन्हाच. पण मातेऱ्याला भाव चांगला मिळतो म्हणून पोती फाटकी ठेवणारा व्यापारी त्यांनी पाहिला नव्हता. पाचशे किलोचे यंत्र तसे होते. ते बसवले की रोज पाचशे किलो सांडणे ही सोसायटीची गरज होऊन बसली असती. लग्नघरांत अन्न कमी टाकले गेले तर भाऊसांना तोटा झाला असता.

नातसुनेने सांगितले की श्रीमंत देशांनाही हा अनुभव आला. डेन्मार्कने जाळण्याच्या भट्ट्या इतक्या उभारल्या की त्या चालू ठेवायला बाहेरच्या देशांतून कचरा आणावा लागला. अखेर २०२० मध्ये त्या देशाने ही क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले.

सोसायटीच्या सभेत दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणाले, लहान यंत्राचा खर्च परवडत नाही. तेही खोटे नव्हते. भाऊसांनी फळ्यावर आकडे मांडले. १०० किलो ओल्या कचऱ्यातून साधारण ८ ते १० घनमीटर वायू मिळतो. एक घनमीटर वायूचे काम सुमारे ४५० ग्रॅम एलपीजीइतके. म्हणजे दिवसाला चार किलो, महिन्याला १२० किलो, आठ-साडेआठ सिलिंडर. सिलिंडरला ९०० रुपये धरले तरी महिन्याचे साडेसात हजारांच्या आसपास. यंत्र पाहणाऱ्या माणसाचा पगार, दळणाऱ्या मोटारीची वीज आणि दुरुस्ती यांतच ते खर्ची पडतात. भांडवल वसूल होण्याचा प्रश्नच नाही.

"मग करायचे कशाला?" एका सभासदाने विचारले.

"घरातली मोरी कोणी नफ्यासाठी बांधत नाही," भाऊसा म्हणाले. "आपली घाण आपल्या हद्दीत निस्तरावी म्हणून बांधतो. वायू मिळेल तो वर."

ठराव झाला तो ७५ किलोच्या संयंत्राचा. सोसायटीचा ओला कचरा शंभर किलो असताना यंत्र पाऊणशे किलोचे, हे विक्रेत्याला चमत्कारिक वाटले. ठरावात पुढे लिहिले होते की वरचे २५ किलो सोसायटीने एका वर्षात कमी करावयाचे आहेत. तोवर तेवढ्याचे बागेत खत करावे. यंत्राची जमाखर्चाची वही वेगळी ठेवावी आणि वाचलेल्या गॅसची रक्कम उत्पन्नाकडे न दाखवता घटीच्या खात्यात दाखवावी.

माघ महिन्यात टाकी उभी राहिली. टाकीत प्रथम शेणाचे विरजण लागते. ते पांजरापोळातून आले. महिनाभर वाट पाहिल्यावर निळी ज्योत लागली आणि पहिल्या दिवशीच्या वायूवर आयंबिल खात्यात तपस्व्यांसाठी पक्के पाणी उकळले गेले. एका घनमीटर वायूत ३५ लिटरच्या आसपास पाणी उकळते, हे तेथील स्वयंपाक्याने लवकरच अंदाजाने ओळखले. ताईंचेही काम सुधारले. ओले हाताला लागेनासे झाले, सुक्याला भाव अधिक येऊ लागला. टाकीतून बाहेर पडणारे काळसर पाणी बागेला गेले.

अक्षय्य तृतीयेला सोसायटीतील तिघांच्या वर्षीतपाची पारणी होती. उसाचा रस झाला, स्वामीवात्सल्य झाले, आणि पुन्हा पिंपे भरली. या वेळी कोणाला खंत वाटली नाही. टाकी होती ना! संध्याकाळी ९० किलो भात, बुंदी आणि श्रीखंड एकदम टाकीत गेले. तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळी पडून विझली आणि आंबट, उग्र वास सुटला. यंत्र पाहणारा माणूस घाबरून नातसुनेला बोलवायला आला.

टाकीला अजीर्ण झाले होते. आत दोन प्रकारचे जीवाणू काम करतात. एक अन्नाचे आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा वायू करतात. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे सावकाश. गोड आणि पिठूळ अन्न एकदम आले की आम्ल साचते आणि दुसऱ्यांचे काम थांबते. उपाय एकच, लंघन. बारा दिवस टाकीला काहीही दिले नाही. चुन्याची निवळी घातली, पुन्हा थोडे शेण आणले. ते बारा दिवस सोसायटीचा सगळा ओला कचरा पूर्वीसारखा महापालिकेच्या गाडीत गेला.

माजीसांना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ऊणोदरी तिलाही लागते तर."

पण भाऊसांना त्यात टाकीच्या अजीर्णापेक्षा मोठी गोष्ट दिसली. पूर्वी पिंप भरले की मन थोडे तरी टोचत असे. टाकी आल्यावर ते टोचणेच बंद झाले होते. 'वाया जात नाही' हे समाधान इतके स्वस्तात मिळाले की टाकणे वाढले. त्यांनी कागद घेतला. चार-पाच माणसांच्या घराला १४.२ किलोचा सिलिंडर महिनाभर जातो. म्हणजे दिवसाला पावणेपाचशे ग्रॅम, आणि तेवढ्यात पाचेक किलो अन्न शिजते. किलोमागे ९०-१०० ग्रॅम गॅस. तेच किलोभर अन्न टाकीत घातले तर वायू मिळतो तो फार तर ५०-६० ग्रॅम गॅसइतका. शिजवताना जाळले त्याचेही पुरते परत येत नाही. मग शेतकऱ्याने दिलेले पाणी, नांगरट, दुधाळ जनावराचा चारा, गिरणीची वीज आणि गाडीचे डिझेल यांचा हिशेब कोण मागणार? शंभराची नोट जाळून राखेला चार आणे मिळवावेत, तसे हे झाले.

हा कागद त्यांनी सोसायटीच्या फलकावर लावला. खाली कोणाला दोष दिला नव्हता, उपदेश केला नव्हता. फक्त रोजचे वजन लिहिण्याची जागा केली. घरोघरच्या बायकांनी त्या आकड्याकडे पाहायला सुरुवात केली. पोळ्या मोजून होऊ लागल्या. कलिंगडाची पांढरी बाजू भाजीत गेली. पंगतीत वाढप्यांच्या हातातले मोठे डाव काढून लहान दिले गेले आणि मिठाई दोनऐवजी एक झाली. काही तरुणांनी माजीसांना विचारून ताट धुऊन पिण्याचा नियम घेतला. काहींना तो जमला नाही, त्यांनी ताटात काही न टाकण्याचा घेतला.

पुढच्या पर्युषणात मात्र यंत्र पाहणारा माणूस काळजीत पडला. आठ दिवस घरांत हिरवी भाजी चिरली गेली नाही, निम्म्या घरांत कोणाचा ना कोणाचा उपवास. साली नाहीत, देठ नाहीत, उरलेले नाही. चौथ्या दिवशी काट्यावर ३१ किलो आले, सातव्या दिवशी २२. ज्योत लहान झाली आणि आयंबिल खात्यात दुपारनंतर सिलिंडर जोडावा लागला. तो भाऊसांकडे येऊन म्हणाला, "शेठ, माल फार कमी येतोय. टाकी मरेल का? बाहेरून दोन पिंपे मागवू?"

टाकी मरत नाही, हे नातसुनेने त्याला समजावले. थोड्या अन्नावर ती काही आठवडे तग धरते; अन्न वाढले की हळूहळू पुन्हा वायू देते. बाहेरून काही मागवायचे नव्हते.

संवत्सरीच्या संध्याकाळी, प्रतिक्रमणाला जाण्यापूर्वी, भाऊसांनी यंत्राची वही काढली. वर्षभरात सर्वांत कमी वायू निघालेला तो आठवडा होता. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे तो सर्वांत वाईट आठवडा ठरला असता. वहीत आकडा भरताना त्यांनी आईला विचारले, "माजीसा, उद्या पारणी आहेत. पिंपे किती ठेवायला सांगू?"

"एक," माजीसा म्हणाल्या. "आणि तेही लहान बघ."

दुसऱ्या दिवशी चार वाजता काटा लावला तेव्हा त्या लहान पिंपात ४१ किलो भरले. माजीसांनी आकडा ऐकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अजून आहेच." मग त्या घरी जायला उठल्या.